बाबांचा शेवटचा स्लॅब

सरकारी काम घ्यायचं असेल तर कंत्राटदाराला आधी राज्याच्या बांधकाम खात्याकडे नोंदणी करावी लागते, हे मला पाढे पाठ होण्याआधी ठाऊक होतं. कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल निम्मं जेवायला आणि निम्मं बाबांच्या फायलींना होतं. आमटीची वाटी कुठे ठेवायची आणि कुठे नाही, याचे कडक नियम होते. बाबा छोटे कंत्राटदार. शाळेची एखादी खोली, दवाखान्याची कुंपणभिंत, कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतल्या मोऱ्या, असली कामं करायचे. पूल आणि रस्ते करणाऱ्यांचा वर्ग वेगळा, आमचा अगदी खालचा. पण वर्ग होता, आणि त्याचा बाबांना कोण अभिमान होता.

कारण त्याआधीची बरीच वर्षं ते दुसऱ्याच्या नोंदणीवर राबले होते. भिंत बाबांनी बांधायची आणि कागदावर नाव भलत्याचंच. नोंदणी हवी तर आधी केलेल्या कामांचे दाखले लागतात, आणि सरकारी कामाचा दाखला हवा तर नोंदणी लागते. या गुंत्याचं टोक बाबांना कुठे सापडलं ते मला कधी नीट कळलं नाही. खाजगी बंगल्यांची कामं, आर्किटेक्टच्या सह्या, बँकेचा पतदाखला, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, मिक्सर स्वतःचा असल्याची पावती, असं एकेक गोळा करत त्यांनी ती मिळवली. दर काही वर्षांनी नूतनीकरण असायचं. त्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत जायचे आणि आई शिरा करून ठेवायची. एरवी ती गोडाधोडाच्या फंदात पडत नसे.

आईचा जीव मात्र नोंदणीपेक्षा काम संपल्यावर मिळणाऱ्या दाखल्यांवर. प्रत्येक दाखल्यात एक वाक्य ठरलेलं असायचं, की सदर काम समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहे. आई ते मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "सरकारचं समाधान झालं. माझं कधी करताय?" बाबांच्या फायलीत एकही वाईट शेरा नव्हता. इतर बायका मुलांचे मार्क सांगतात तसं आई हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. माझे मार्क सांगण्यासारखे नव्हते, हेही एक कारण असेल.

मी बाबांच्या हट्टाखातर सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि स्वतःच्या हट्टाखातर हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये गेले. पुण्यात हे इतकं सर्रास चालतं की त्यात बंडखोरी वगैरे काही नाही. बाबा एकदाच म्हणाले होते, "तुमच्या कामात एक बरं आहे. पडलं तर कुणाच्या डोक्यात पडत नाही." त्यावर मी रागावून दोन दिवस बोलले नव्हते. आता ते वाक्य आठवलं की रागच यावा असं फार वाटतं, पण येत नाही.

त्यांचं शेवटचं काम एका अंगणवाडीचं होतं. शहराने नुकतंच गिळलेलं गाव, अजून गोठे आहेत आणि गोठ्यांना लागून बारा मजली इमारती आहेत. अंगणवाडी दोन खोल्यांची आणि पुढे ओटा. एप्रिल संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं. स्लॅब पडला, म्हणजे छताचं काँक्रीट ओतलं, त्या दिवशी बाबा सकाळपासून साइटवर होते. संध्याकाळी घरी आले, बूट न काढता खुर्चीत बसले आणि आईला म्हणाले, "चांगला पडला." आई चहा ठेवायला आत गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा ऑफिसातल्या एका मीटिंगमध्ये होते आणि माझा फोन पर्समध्ये होता.

पुढचे दिवस घर माणसांनी भरलं. बाबांचा मुकादम आपली सगळी माणसं घेऊन आला. तो यवतमाळकडचा, पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्याची बोली तशीच राहिली होती. बाबांच्या फोटोसमोर उभा राहून तो म्हणाला, "मालक गेले. आता तेराव्यालोक कोनी हत्याराले हात लावनार नाई. थाप्या, ओळंबे, सारं धुऊन ठेवलं जी." त्यांच्यात ती रीत होती. मालक गेला की तेराव्यापर्यंत साइट बंद, हत्यारं धुऊन भिंतीशी टेकवून ठेवायची. आईला ते ऐकून गहिवरून आलं. काका म्हणाले, "माणसं जोडली होती हो त्याने." मलाही बरं वाटलं. त्या खोलीत निदान एक इंजिनिअर होती, आणि तिलाही फक्त बरं वाटलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही, हे मी तिथेही दोनतीन जणांना सांगितलं. कावळे होते, भरपूर होते. एक तर समोरच्या कठड्यावर बसून मान वाकडी करून पिंडाकडे बघत होता. मग गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल त्याची यादी सुरू झाली. काका पुढे होऊन म्हणाले, "वहिनींना आम्ही अंतर देणार नाही." कावळा जागचा हलला नाही. मामा म्हणाला, "पोरीचं लग्न लावून देऊ." मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हात जोडले ते माझ्याकडेच वळून. शेवटी काका म्हणाले, "तुझं लायसन मरू देणार नाही. नोंदणी चालू ठेवू." मला वाटलं आता येईल. तो कावळा उडाला आणि नदीपलीकडे गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

त्यानंतर मला घरात आवाज यायला लागला. बाबांना एक खोड होती. भिंत दिसली की बोटांच्या मागच्या सांध्यांनी ठोकून बघायची. प्लास्टर आतून सुटलं असेल तर आवाज बद्द येतो, घट्ट असेल तर खणखणीत. ते लग्नाच्या हॉलमध्ये ठोकायचे, डॉक्टरांच्या केबिनमध्ये ठोकायचे, आणि रोज पहाटे उठल्यावर आमच्याच घराच्या भिंती ठोकत स्वयंपाकघराकडे जायचे. ते गेल्यानंतर काही दिवसांनी पहाटे मला तोच आवाज ऐकू आला. टक, टक, थोडं थांबून पुन्हा टक. पॅसेजमधून पुढे सरकत जाणारा. मी पांघरूण डोक्यावरून घेतलं आणि पडून राहिले. मोठी इंजिनिअर, पण उठून बघायची हिंमत झाली नाही.

त्यांचा फोन आम्ही बंद केला नव्हता. एका दुपारी त्यावर खात्याचा मेसेज आला. आपल्या नोंदणीची मुदत संपत आली आहे, कृपया नूतनीकरण करून घ्यावे. वर बाबांचं पूर्ण नाव, आदराने श्री. लावलेलं. आईने तो मेसेज माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "त्यांना अजून माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी नोंदणीच्या कचेरीत गेले. खिडकीमागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"आपण कोण?"

"मुलगी."

"नोंदणी एकट्याच्या नावावर आहे. भागीदारी नाही, कंपनी नाही. माणूस गेला की नोंदणी गेली."

"पण मी वारस आहे."

"वारसाला घर मिळतं. वर्ग मिळत नाही." मग त्यांना थोडी दया आली असावी. "चालू काम असेल तर उरलेलं वारस म्हणून पुरं करायला परवानगी मिळेल. अर्ज द्या. पुढे स्वतःच्या नावावर धंदा करायचा असेल तर पदवी आहे का?"

"सिव्हिलची आहे."

"मग सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नवी नोंदणी होते. खालच्या वर्गात. अनुभवाचे दाखले नसले तरी चालतं."

"मी नोकरी करते."

"मग बेरोजगार नाही," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मला धंदा करायचाच नव्हता. अंगणवाडीचं उरलेलं प्लास्टर आणि फरशी उरकायची, ते शेवटचं समाधानकारकरीत्याचं वाक्य आईच्या हातात द्यायचं आणि फाइल मिटायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परवानगी मिळाली तशी मी पहिल्यांदाच त्या साइटवर गेले. हत्यारं खरंच धुऊन ओळीने भिंतीशी टेकवलेली होती. प्रत्येकावर हळदकुंकू होतं.

मुकादमाने मला शिडीवरून स्लॅबवर नेलं. वर पाऊल टाकलं आणि मी आधी खाली बघितलं. स्लॅब पांढुरका पडला होता. पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं होतं, आणि चप्पल घासली तर खालून पीठ निघत होतं. ताज्या काँक्रीटला पाणी लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर सिमेंटचे छोटे बांध घालून वाफे करायचे आणि ते आठवडा-दोन आठवडे पाण्याने भरलेले ठेवायचे, यालाच क्युरिंग म्हणतात. पहिल्या दिवसांत ते सुकलं तर आतून कच्चं राहतं, आणि मग वर किती का पाणी ओता, उपयोग नाही. हे पहिल्या वर्षाला शिकवतात. मुकादमाला तर ते न शिकवताच येत होतं. बाबा गेले आणि त्यांच्या मानापायी सगळ्यांनी हातातलं सगळं खाली ठेवलं, त्यात पाण्याची नळीही ठेवली. एप्रिल-मेच्या उन्हात तो स्लॅब तेराव्यापर्यंत कोरडा तापत पडला होता.

"माह्या ध्यानातच आलं नाई जी," मुकादम म्हणाला. "मालक नसताना नळी उचलनं म्हंजे... कसंतरीच वाटलं."

मी त्या स्लॅबवर चालत राहिले, आणि मग मला ती पावलं दिसली. स्लॅबच्या पार आतल्या कोपऱ्यापासून शिडीपर्यंत बुटांचे ठसे होते. ओल्यात पडलेले, कडा उमटलेले, टाचेकडे खोल. आमच्या घरात ओल्या स्लॅबवर पाऊल टाकणं हे देवघरात चपला घालून जाण्याइतकं वाईट मानलं जायचं. एकदा एका आमदाराचा माणूस असा चालला म्हणून बाबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.

"हे कुणाचे?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"मालकाचेच. सांजच्याले त्या कोपऱ्यात उभे होते. कडेकडेनं फळीवरून यायचं सोडून एकदम सरळ आले. म्या म्हनलं, मालक, वला हाये. काईच बोल्ले नाई. छातीवर हात होता."

सुरुवातीचे ठसे नेहमीच्या ढांगांचे होते. मधे आल्यावर अंतर कमी होत गेलं होतं, आणि शिडीपाशी दोन्ही पावलं जवळजवळ एकमेकांना चिकटून होती. बाबा घरी येऊन चांगला पडला म्हणाले, तेव्हा त्यांना काय होत होतं ते त्या काँक्रीटमध्ये उमटलेलं होतं. मी तिथेच खाली बसले. ऊन डोक्यावर आलं तरी उठवेना.

खात्याचा तरुण अभियंता आला तेव्हा फळ्या आणि टेकू काढून झाले होते. त्याने हातोडीसारखं एक यंत्र स्लॅबला खालून ठिकठिकाणी दाबून आकडे बघितले. त्याचा चेहरा पडला. बाबांना तो काका म्हणायचा. नोकरीला नवा लागला तेव्हा बाबांनीच त्याला साइटवर फिरवून बरंच काही दाखवलं होतं.

"आकडे काठावर आहेत, मॅडम," तो म्हणाला. "उद्याच पडेल असं नाही. पण गळेल, आणि आतलं लोखंड गंजत जाईल. पुढचं मी आत्ता लिहून देऊ शकत नाही." मग इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "वरून वॉटरप्रूफिंगचा थर द्या. खालून प्लास्टर होणारच आहे. मी सही करतो. काकांसाठी करतो. नाहीतर स्लॅब नापास म्हणून लिहावं लागेल आणि शेरा त्यांच्याच फायलीत जाईल. शेवटचं पान तेच राहील."

"आणि पाडून नवा टाकला तर?"

"तरी कारण लिहावं लागेलच. शिवाय वारस म्हणून तुम्हाला प्लास्टर, फरशी करता येईल. नवा स्लॅब टाकायला नोंदणी असलेला माणूस लागेल."

हे घरी जाऊन आईला सांगितलं. पावलांचंही सांगितलं, सांगायला नको होतं. तिने दुसऱ्या दिवशी मला गाडी काढायला लावली, पदर खोचून शिडी चढली आणि वर जाऊन त्या ठशांच्या बाजूला उभी राहिली. खाली ओट्यावर गावातल्या दोन बायका बघत उभ्या होत्या. एकीने विचारलं, "ताई, पोरं कवा बसवायची आत? देवळाच्या पडवीत उन्हाचा लई ताप हाय." मी म्हटलं, लवकरच.

परतीच्या वाटेवर आई म्हणाली, "तो मुलगा सही करतोय ना?"

"करतोय."

"मग करू दे. त्यांच्या पायाखालचं आहे ते. ते फोडायचं? आणि त्यांच्या नावावर शेरा घ्यायचा? आयुष्यभर एक लागू दिला नाही त्यांनी. तू पोटची मुलगी आहेस का कोण आहेस?"

खरं सांगायचं तर मलाही सही हवी होती. मी ते वॉटरप्रूफिंगचे भावही काढले. पण झोप लागली की मला ते पांढुरकं पीठ दिसायचं, आणि त्याखाली चटईवर ओळीने बसलेली पोरं. कधी कधी त्यांच्यात बाबा बसलेले असायचे, बूट घालून, वर बघत. दहाव्याचा तो कावळा आठवायचा. त्याने काकांचं, मामाचं, सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं आणि तो उडून गेला होता. बाबांना लायसनचं पडलं नसेल, असं मला वाटायला लागलं. ते त्या घाटावरच्या सगळ्या माणसांकडे बघून एकच विचारत असतील, की साइटवर कोण आहे. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवसांत मी कावळ्याच्या नजरेला नजर देत नव्हते.

पाऊस लागला आणि ते ठसे पाण्याने भरले. मुकादमाने फोनवर तसा फोटो पाठवला. का पाठवला कोण जाणे. मी तो लगेच पुसून टाकला.

भिंती ठोकायचा आवाज चालूच होता. एका पहाटे मला भीतीचाच कंटाळा आला. मी उठले आणि दार उघडलं. पॅसेजमध्ये आई होती. एक हात भिंतीला टेकून दुसऱ्या हाताच्या बोटांनी ठोकत, कान लावून, पुढे सरकत होती.

"तू?" मी म्हटलं. "इतके दिवस तू होतीस?"

"इतकी वर्षं तो आवाज ऐकून जाग यायची. बंद पडल्यापासून मला कळतच नाही कधी उठायचं ते." ती जराशी ओशाळली. "म्हणून मग मीच करते."

"आणि कळतं का काही त्यातलं?"

"न कळायला काय झालं? इथे बघ, बद्द येतोय. मागे असाच न्हाणीघरात आला होता. मी म्हटलं, रंग मारून घ्या, पाहुणे यायचेत. तर म्हणाले, पोकळ आहे ते खरवडून काढायचं असतं, झाकायचं नसतं." भिंतीवरचा हात तिने काढून घेतला. मी काहीच बोलले नव्हते, तरी माझ्यावर डाफरली, "आता लगेच तुझं घोडं पुढे दामटू नकोस."

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत ती टेबलाशी बसून होती, फायलींच्या बाजूला. मग म्हणाली, "नवा स्लॅब दुसऱ्याच्या नोंदणीवर टाकू नकोस. ते फार राबले तसं. तुझ्या नावावर टाक."

मी राजीनामा दिला. मॅनेजरला कारण सांगितलं तेव्हा त्याला वाटलं दुसऱ्या कंपनीची ऑफर लपवतेय. शनिवार पेठेत एका नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करायला गेले, की मी कुठेही नोकरीत नाही आणि माझ्याकडे अभियांत्रिकीची पदवी आहे. नोटरी कागद वाचून आणि वर चिकटवलेला माझा हसरा फोटो बघून म्हणाले, "सुशिक्षित आहात ते दिसतंय. बेरोजगार खरंच आहात ना?" मला हसू आलं. ते म्हणाले, "हसू नका. बेरोजगार माणसं फोटोत हसत नाहीत." पोलिसांनी माझं चारित्र्य पडताळलं, बँकेने माझी पत लिहून दिली. अनुभवाच्या रकान्यात मी निरंक लिहिलं. सगळे सोपस्कार होईपर्यंत दिवाळी झाली. ज्या कागदासाठी बाबांनी उमेदीची वर्षं घालवली तो मला एका कुरिअरवाल्याने दारात दिला. मला आनंद झाला नाही. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटलं.

स्लॅब फोडायला ब्रेकर मशीनवाले बोलावले होते. आई आली नाही. कडेकडेचं काँक्रीट पडत गेलं, धूळ उडत राहिली, लोखंडाच्या सळ्या उघड्या पडल्या. पावलांचा पट्टा जवळ आला तसा मुकादमाने हात वर करून मशीन थांबवलं. मला वाटलं, आता हा नको म्हणणार, आणि हा नको म्हणाला तर मला जमणार नाही. त्याने चपला काढल्या, छिन्नी आणि हातोडा घेतला आणि एकेक ठसा स्वतः फोडला. मधूनमधून तो हातोडा कपाळाला लावायचा. बाबा आता दुसऱ्यांदा जातायत असं मला वाटत होतं. पण या वेळी मी तिथे होते.

नवा स्लॅब पडला. दुसऱ्या सकाळी वाफे केले, आणि त्यानंतर रोज आई माझ्याबरोबर साइटवर यायला लागली. नळी धरायला माणसं होती, तरी ती स्वतः धरायची. वाफा कुठे ओसरलेला दिसला तर मुकादमाला नावाने हाक मारून दाखवायची. त्या दिवसांत ती घरच्यापेक्षा तिथे जास्त बोलायची.

आकडे चांगले आले. पोरं देवळातून आत आली आणि अभियंत्याने दाखल्याचे कागद तयार केले. एकच अडलं. पहिला स्लॅब का पाडला, त्याचं कारण फायलीत लागतं. छापील नमुन्यात मूळ कंत्राटदाराच्या सदोष कामामुळे असं होतं आणि पुढे बाबांचं नाव भरायचं होतं. अभियंता म्हणाला, "वारसांचं निवेदन असेल तर मी नमुना काढून त्या जागी तेच लावेन. फायलीत कायम राहील. नीट विचार करून द्या."

त्याच्या टेबलाशी बसून मी लिहायला घेतलं. अपरिहार्य परिस्थितीमुळे क्युरिंगअभावी, असं काहीतरी. आईने वाकून ते वाचलं आणि कागद माझ्या हातातून काढून घेतला. दुसरा कोरा पुढे ठेवला.

"मी सांगते तसं लिही," ती म्हणाली. "स्लॅब टाकला तेव्हा ते होते आणि तो चांगला पडला होता. दुसऱ्या दिवसापासून त्याला पाणी द्यायचं होतं. तेव्हा आम्ही सगळे घाटावर त्यांना पाणी देत होतो."

मी तसंच लिहिलं. आईने खाली सही केली.